शेवटचा शब्द गिळू नका: चारचौघांत बोलण्याची तयारी कशी करावी

ऐरोलीच्या एका ऑफिसात, आढावा बैठकीत मी म्हणाले होते, "सोमवारपर्यंत टेस्टिंग पूर्ण होणार नाही." समोरच्यांनी ऐकलं ते "पूर्ण होणार" एवढंच. बोलता बोलता श्वास संपला आणि "नाही" ओठांतच राहिलं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नकार त्याच्याही मागून. शेवटी आवाज पडला की वाक्याचा अर्थच उलटू शकतो. म्हणून सुरुवात इथूनच करा.

आधी स्वतःला ऐका. आज कामावर काय झालं, हे न लिहिता मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग वहीत दोनच गोष्टी टिपा: कुठल्या वाक्याचा शेवट ऐकू आला नाही आणि "म्हणजे", "बेसिकली" किती वेळा आलं. आवाज परका वाटेल. एरवी आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. सगळ्यांनाच असं वाटतं, तेव्हा खचू नका.

मग रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा. पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात पुढे यायला हवा, खांदे वर जायला नकोत. पूर्णविरामाशी मनात "एक" म्हणून थांबा. वाचायला नाटक घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यातली वाक्यं मुळात बोलण्यासाठीच लिहिलेली असतात, जीभ कुठे अडखळते ते लगेच कळतं. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, नाटकं तिथे शोधा.

बैठकीत मुद्दा आधी, कारण नंतर. "गेल्या आठवड्यात दोघं रजेवर होते, त्यात सर्व्हर बंद पडला, त्यामुळे..." इथपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. "तीन दिवस उशीर होईल. कारणं दोन आहेत," असं म्हणा. डेडलाइन, क्लायंट हे शब्द खुशाल वापरा, प्रतिशब्द शोधत अडू नका.

भाषण पाठ करू नका, एक शब्द विसरला की पुढची साखळी तुटते. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलचा अर्धा तास त्याला पुरतो.

आता खरी परीक्षा. संध्याकाळी तलावपाळीवर गर्दीच्या वेळी मैत्रिणीला दहा पावलं लांब उभं करा आणि बोला. तुमच्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तिने परत म्हणायचा. तिला म्हणता आला नाही, तर ते वाक्य पुन्हा. ओरडायचं नाही, वेग कमी करायचा आणि शेवटच्या शब्दासाठी श्वास राखून ठेवायचा. आठवडाभर हे केलंत तरी फरक कानांना कळेल.

पहिलं व्यासपीठ म्हणून सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा उत्तम. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते आणि सभासदाला तिथे बोलायचा हक्क असतो. छाती धडधडेल, तोंड कोरडं पडेल. शरीर सावध झाल्याची ती खूण. घोटभर पाणी प्या, श्वास सावकाश सोडा, मग उभ्या राहा. दोनच वाक्यं बोला: "लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल विचारायचं आहे. मागच्या सभेत ठरलेलं काम अजून झालेलं नाही." "नाही" म्हटल्यावर सचिव मान वर करून बघेपर्यंत खाली बसू नका.