सिक्वेल, प्रीक्वेल, रिमेक की रिबूट? पोस्टरवरच्या आकड्याला न भुलता कसं ओळखावं

सिनेमाच्या पोस्टरवर किंवा नाटकाच्या हँडबिलावर '२' दिसला की आपण म्हणून मोकळे होतो, सिक्वेल आला. बरेचदा ते बरोबरही असतं. पण कधीकधी मध्यंतरात शेजारचा वैतागून म्हणतो, "हे त अलगच निघालं ना जी!"

फरक ओळखायला इंग्रजी पक्कं असावं लागत नाही. तीन प्रश्न क्रमानं विचारले की पुरतं. उदाहरणाला झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, एक मनचं नाटक घेऊ. दिवाळीनंतर मंडईला (गावच्या जत्रेला) किंवा शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) रात्रभर चालावं असं. जुन्या मालगुजारी गावात बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावरून दोघा भावांचं वैर पेटतं, धाकटा गाव सोडून जातो आणि पडदा पडतो.

पहिला प्रश्न: माणसं तीच आहेत का?

पुढच्या वर्षी त्याच कंपनीनं 'भाग २' म्हणून नाटक आणलं आणि त्यात ना ते भाऊ, ना ती बोडी, तर तो सिक्वेल नव्हे. २०२५ चा 'धडक २' याच जातीचा. २०१८ चा 'धडक' हा 'सैराट'चा हिंदी रिमेक होता. 'धडक २' मात्र 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटावर बेतलेला आहे. पहिल्यातली माणसं त्यात नाहीत, समान आहे तो प्रेमाच्या आड येणाऱ्या जातीचा विषय. अशा चित्रपटाला स्पिरिच्युअल सिक्वेल म्हणायची पद्धत पडली आहे. माझ्या मते यात अर्थापेक्षा धंद्याची सोय जास्त.

दुसरा प्रश्न: काळ पुढचा की मागचा?

दहा वर्षांनी धाकटा भाऊ परत येतो, हा सिक्वेल. भावांच्या आजोबानं ती बोडी कशी खोदली आणि वैराचं बी तेव्हाच कसं पेरलं गेलं, हा प्रीक्वेल. नाटक कधी आलं आणि त्यातली गोष्ट कधी घडते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. 'कांतारा' २०२२ चा, 'कांतारा: चॅप्टर १' २०२५ चा. नंतर येऊनही नावात 'एक' आहे, कारण त्यातली कथा कितीतरी जुन्या काळातली. म्हणून तो प्रीक्वेल.

इथं एक चूक हमखास होते. कुणी 'टाइमपास २' आधी पाहतो, मग पहिला पाहतो आणि सांगतो, "त्याचा प्रीक्वेल पाहिला." तसं होत नाही. प्रीक्वेल मूळ कलाकृतीच्या नंतरच तयार व्हावा लागतो. जो आधी आला, तो नुसता पहिला.

आणखी एक बारकावा आहे. पहिला भाग स्वतःपुरता पूर्ण होता का, हेही पाहावं. १९९३ चा 'झपाटलेला' पाहून माणूस समाधानानं घरी जात होता. वीस वर्षांनी आलेला 'झपाटलेला २' हा म्हणून अस्सल सिक्वेल. उलट 'बाहुबली' २०१५ मध्ये कटप्पाचा प्रश्न लोंबकळत ठेवून संपला आणि उत्तराला २०१७ उजाडलं. त्यालाही सिक्वेल म्हणतात, पण खरं पाहता ती एकच कथा दोन तुकड्यांत सांगितलेली. मी तिथं 'उत्तरार्ध' म्हणणं पसंत करीन. 'लगे रहो मुन्नाभाई'ची तऱ्हा आणखी निराळी. मुन्ना आणि सर्किट तेच, पण पहिल्या चित्रपटातली डॉक्टर सुमन नाही आणि कथाही नवी. पहिला न पाहणाऱ्याचं काही अडत नाही. तरी माणसं तीच असल्यामुळे त्याला सिक्वेल म्हणणं चालून जातं.

तिसरा प्रश्न: जुनीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे का?

दुसऱ्या कंपनीनं नवे संवाद आणि नवे नट घेऊन तेच दोन भाऊ, तीच भांडणं रंगवली तर रिमेक. भावांची नावं आणि बोडी ठेवली, पण जुन्या नाटकात घडलेलं काहीच जमेस न धरता मालिका पहिल्यापासून सुरू केली तर रिबूट. कॉम्प्युटर अडकला की आपण तो रिबूट करतो, तिथूनच हा शब्द सिनेमात आला. १९८९ ते १९९७ मध्ये बॅटमॅनचे चार चित्रपट एका मालिकेत आले. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'नं ते सगळे बाजूला ठेवून नव्यानं आरंभ केला.

आता गाठ. हिंदी 'दृश्यम २' काय आहे? २०१५ च्या हिंदी 'दृश्यम'ची कथा पुढं नेतो, म्हणून सिक्वेल. पण २०२१ च्या मल्याळम 'दृश्यम २'ची कथा पुन्हा सांगतो, म्हणून रिमेक. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त कशाच्या तुलनेत बोलतोय ते सांगावं लागतं. पारावर यावरून वाद झाला तर दोघांनाही गप्प करता येईल.

स्पिन-ऑफ सोपा. आपल्या नाटकातल्या विनोदी गड्याला लोकांनी डोक्यावर घेतलं आणि लेखकानं त्याच्यावरच स्वतंत्र नाटक लिहिलं, तो स्पिन-ऑफ. 'बेबी' या हिंदी चित्रपटात शबानाची भूमिका छोटी होती, २०१७ चा 'नाम शबाना' तिच्यावरच. तो तिची आधीची हकीगत सांगतो, म्हणून प्रीक्वेलही आहे.

सिक्वेलचे सख्खे भाऊबंद सिनेमाबाहेरही भेटतात. मागोमाग येणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून सिक्वेल, सिक्वेन्स आणि कॉन्सिक्वेन्स निघाले. सिक्वेन्स म्हणजे क्रम, कॉन्सिक्वेन्स म्हणजे परिणाम. छातीच्या एक्स-रे रिपोर्टवर कधी 'सिक्वेली' असं लिहिलेलं असतं. आजार होऊन गेल्यावर मागं राहिलेल्या खुणांना किंवा त्रासाला तो शब्द आहे. पुढचं डॉक्टरांनाच विचारा. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर 'सिक्वेल' शिकवतो म्हणाले तर ती माहितीसाठ्याला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल. तिचं मूळ नाव खरोखरच सिक्वेल होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीनं ते बदलावं लागलं. सिनेमाशी तिचं नातं नाही.

मंडळाचं हँडबिल तुम्ही लिहिणार असाल तर 'भाग २' तेव्हाच छापा, जेव्हा पहिला भाग न पाहिलेल्याला नाटक समजणार नाही. पात्रं तीच आणि गोष्ट नवी असेल तर तसंच छापा: 'तीच पात्रं, नवी कथा.' प्रीक्वेल असेल तर 'वैर पेटलं त्याआधीची गोष्ट' एवढी ओळ बास, आकडा नकोच. आणि रिमेक असेल तर मूळ लेखकाचं नाव छापायला विसरू नका.