जावाच्या लुकअप कॅशेत या चुका टाळा

समजा, नागपुरात घरपोच संत्री देणारं जावा वेब ॲप आहे. पत्ता आला की महापालिकेचा झोन शोधायचा: लक्ष्मीनगर, धरमपेठ, गांधीबाग, आसीनगर असे एकूण १०. ही यादी सहसा बदलत नाही. कळमना बाजारातला भाव मात्र लिलावात ठरतो. दोन्ही माहिती दरवेळी डेटाबेसमधून न आणता मेमरीत ठेवतात, तीच कॅशे; ती किती वेळ वापरायची, ती तिची मुदत. तरी दोन्हींना एकच मुदत दिलेली दिसते, आणि पुढच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात. कोणती माहिती किती वेळ जुनी चालेल, हे धंदा सांभाळणाऱ्याला विचारा आणि प्रत्येक यादीची मुदत वेगळी ठेवा.

स्टॅटिक हॅशमॅपला (सगळ्या ॲपसाठी एकच असलेला की-व्हॅल्यू जोड्यांचा साठा) कॅशे म्हणू नका. अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकाच वेळी त्यात लिहिणं सुरक्षित नाही. त्यासाठीच बनवलेल्या कॉन्करंटहॅशमॅपने तो प्रश्न सुटतो, पण त्याला ना कमाल मर्यादा, ना मुदत. शहराचे पिनकोड ४४० ने सुरू होणारे, मोजकेच. पण ग्राहकाने शोधपेटीत टाइप केलेला मजकूर ‘की’ (नोंद शोधायची खूण) म्हणून वापरला तर मेमरी भरतच जाते. स्प्रिंग बूटमध्ये (जावा वेब ॲपचा फ्रेमवर्क) वेगळी कॅशे लायब्ररी न जोडता कॅशिंग सुरू केलं, तर मागे कॉन्करंटहॅशमॅपच असतो. कॅफीन ही जावाची कॅशे लायब्ररी वापरा, मर्यादा आणि मुदत दोन्ही द्या.

सगळ्यात महागात पडते ती गर्दी. भावाची मुदत संपते, त्याच क्षणी दोनशे रिक्वेस्ट येतात, प्रत्येकीला कॅशे रिकामी दिसते आणि तीच क्वेरी दोनशे वेळा डेटाबेसकडे जाते. हिकारी, म्हणजे डेटाबेसची कनेक्शनं तयार ठेवणारी लायब्ररी, तिच्या पूलमध्ये मुळात १० कनेक्शन. ती अडकली की भावाशी संबंध नसलेली पानंही थांबतात. लॉगमध्ये कनेक्शन टाइमआउट दिसतो म्हणून पूल वाढवला जातो, पण दुखणं तिथे नाही. आधी त्या मिनिटाला कोणती क्वेरी किती वेळा चालली ते पाहा. ‘आधी वाच, नसेल तर आणून ठेव’ अशा दोन सुट्या पायऱ्या लिहू नका. कॅफीनचा लोडिंग कॅशे एका कीसाठी एकदाच लोड करतो. मेथडचं उत्तर कॅशेत ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या कॅशेबल खुणेत ‘सिंक’ ट्रू करा. कॅफीनचं ‘रिफ्रेश आफ्टर राइट’ जुना भाव देत मागे नवा आणतो, म्हणून कुणी ताटकळत नाही. सोबत ‘एक्स्पायर आफ्टर राइट’ हवंच, नाहीतर रिफ्रेश फसत राहिला तर शिळा भाव तसाच दिसत राहील.

कॅशेबल लावूनही क्वेरी दरवेळी चालते? ती मेथड त्याच क्लासमधून बोलावली जात असेल, त्यामुळे कॅशे तपासणारा स्प्रिंगचा मधला थर, म्हणजे प्रॉक्सी, टळते. मेथड दुसऱ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळतो तो ऑब्जेक्ट) न्या. चुकीच्या पिनकोडसाठीही दरवेळी डेटाबेस गाठला जात असेल तर माहिती आणणारा कोड, म्हणजे लोडर, नल (‘काहीच नाही’) देतोय. कॅफीन नल साठवत नाही. त्याऐवजी रिकामा ऑप्शनल (‘उत्तर नाही’ सांगणारा ऑब्जेक्ट) थोड्या मुदतीने साठवा. झोनची यादी ‘लिस्ट डॉट कॉपीऑफ’ने न बदलता येणारी प्रत करूनच ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यातली नोंद काढेल आणि ती सगळ्यांसाठीच गायब होईल.

पान ताजं केल्यावर कधी जुना, कधी नवा भाव दिसतो तेव्हा समजा, सर्व्हर दोन आहेत आणि एकाचीच कॅशे पुसली गेली. रेडिस या सर्व्हरच्या पब-सबवरून (सगळ्यांना एकदम निरोप देण्याची सोय) दोघांनाही कॅशे पुसायला कळवा, तेही डेटाबेसमधला बदल पक्का म्हणजे कमिट झाल्यावरच; आधी पुसलं तर मधली एखादी रिक्वेस्ट जुनाच भाव पुन्हा भरून ठेवते. बिल करताना मात्र कॅशेला हात लावू नका. भाव थेट डेटाबेसमधून, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण होणारं डेटाबेसचं काम) वाचा.