हाँगकाँगमध्ये माध्यमिक शाळा निवडताना: आधी चिनीचं बघा

मूल चौथी-पाचवीत असेल आणि हाँगकाँगमध्ये अजून काही वर्षं राहायचं नक्की असेल, तर हे आत्ताच वाचा. सहावीत वाचून फारसं काही हातात राहत नाही. आमचा मुलगा तुंगचुंगमधल्या अनुदानित शाळेत शिकला आणि आता विद्युत अभियांत्रिकीचा हायर डिप्लोमा करतोय. आंतरराष्ट्रीय शाळेची फी आम्हाला झेपणारी नव्हती. इथे 2008 पासून बारा वर्षांचं शिक्षण मोफत आहे, त्याच वाटेने आम्ही गेलो.

पहिलं काम माध्यम तपासणं. 1998 साली बहुतेक माध्यमिक शाळा चिनी माध्यमात गेल्या, फक्त 114 शाळांना इंग्रजी ठेवता आलं. 2010 पासून ती रेघ पुसट झाली. आता एकाच शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीत आणि इतिहास चिनीत असू शकतो. त्यामुळे "ती शाळा इंग्लिश मीडियम आहे" एवढ्यावर जाऊ नका. माध्यमिक शाळांची माहितीपुस्तिका निघते, तिच्यात कुठला विषय कुठल्या भाषेत ते शाळावार दिलेलं असतं. शाळेत गेलात की आणखी एक विचारा: पालकांना येणाऱ्या सूचना इंग्रजीतही मिळतात का? सहलीचे पैसे, परीक्षेचं वेळापत्रक, सगळं त्या कागदावर असतं आणि खालची चिठ्ठी सही करून परत द्यायची असते. आम्ही हे विचारलं नाही. पहिलं वर्षभर मी शेजारच्या काकूंकडे कागद घेऊन जात होते.

प्रवेशासाठी पाचवीच्या शेवटची आणि सहावीच्या दोन, अशा तीन शालेय परीक्षांचे गुण धरतात आणि त्यावरून मुलांचे तीन बँड, म्हणजे गट, पडतात. त्याआधी, सहावीच्या जानेवारीत, स्वतःहून दोन शाळांना थेट अर्ज करता येतो. ही संधी सोडू नका. मुलाखतीत मूल समोर दिसतं, नुसते गुण नाही.

आता चिनी. शिकवणी लावताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: कँटोनीज, म्हणजे इथे बोलली जाणारी चिनी, शिकवणार ना, आणि लिपी इथली पारंपरिक ना? आमच्या पहिल्या शिकवणीत सोपी केलेली लिपी शिकवली गेली आणि मला ते वर्षभर कळलं नाही. 'वीज' या अर्थाचं अक्षर घ्या, उच्चार 'दिन'. पारंपरिक रूपात वर 'पाऊस' असतो आणि खाली शेपटी वळवलेली वीज. सोप्या रूपात पाऊसच गायब. शाळेच्या फळ्यावर ते अक्षर आलं तेव्हा मुलाला ओळखताच आलं नाही. नंतर मी वहीत पाऊस मोठा काढून दिला आणि 'दिन'वरून आम्ही शब्द जोडत गेलो: दिन-वा म्हणजे फोन, दिन-थाय म्हणजे सरकता जिना, दिन-नोउ म्हणजे संगणक, अक्षरशः विजेचा मेंदू. एका अक्षराने इतकी दारं उघडतात हे बघून तो स्वतःहून पुढचं मागायला लागला.

एक कागद मात्र जपा. विद्यापीठ प्रवेशात डीएसईच्या, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेच्या, चिनीऐवजी ब्रिटिश जीसीएसईसारखी सोपी परीक्षा चालते, पण सरसकट सगळ्यांना नाही. मूल शाळेत सहा वर्षांपेक्षा कमी चिनी शिकलेलं हवं, किंवा त्याला बेतून सोपा केलेला अभ्यासक्रम शिकवलेला हवा. तुमच्या मुलाला कुठला अभ्यासक्रम शिकवताहेत ते दरवर्षी शाळेकडून लेखी घ्या.

तंत्रशिक्षणाकडे "मार्क कमी पडले म्हणून" असं बघू नका. गावी आयटीआयबद्दल जे बोललं जातं तेच आपण इथे घेऊन येतो, आणि मूल ते ऐकत असतं. व्होकेशनल ट्रेनिंग कौन्सिलच्या संस्थांमध्ये फॉर्म थ्रीनंतर, म्हणजे नववीनंतर, व्यावसायिक डिप्लोमाला जाता येतं. डीएसईनंतर हायर डिप्लोमा, साधारण दोन वर्षांचा. त्याला सहसा पाच विषयांत किमान लेव्हल 2 लागते, त्यात इंग्रजी आणि चिनी दोन्ही. चिनीच्या जागी काय चालेल ते त्या-त्या अभ्यासक्रमाला विचारा. पुस्तकं इंग्रजीत असली तरी साइटवर मिस्त्री कँटोनीजच बोलतो. तिथे "सिउ साम", म्हणजे सांभाळून, हे कानावर पडताक्षणी कळलं नाही तर जीवाशी खेळ आहे.

आज संध्याकाळी मुलाला घेऊन मजल्यावरच्या मीटरच्या खोलीसमोर उभे राहा. पाटीवरचं पहिलं अक्षर बहुधा 'दिन' असेल. त्याला वाचता येतंय का बघा.