पोराचा बीएमआय मोठ्यांच्या तक्त्यात बघू नका

गेल्या वर्षी माझा पोरगा ९ वर्षांचा होता, मोबाईलवर त्याचा बीएमआय (वजन आणि उंचीवरनं काढतात तो आकडा) काढला तर १५.५ आला, आणि खाली लाल अक्षरात अंडरवेट. मग काय, सासूबाईंनी तूप, शेंगदाण्याचे लाडू सुरू केले, पोरगं ताटावरनं उठून पळायला लागलं. शेवटी विश्रामबागला मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा कळलं की त्याचं वजन एकदम ठीक आहे, मी तक्ता मोठ्या माणसांचा बघितलेला!

हिशोब सोपा आहे. वजन किलोत, उंची मीटरमधी, उंचीला उंचीनं गुणायचं आणि त्यानं वजनाला भागायचं. त्याचं वजन २७, उंची १.३२, म्हणजे २७ भागिले १.७४, आले १५.५. उंची मात्र नीट घ्या, चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून खूण करा, कारण २-३ सेंटीमीटर चुकले की आकडा बदलतो.

आता खरी गोष्ट. १८.५ च्या खाली बारीक हा नियम मोठ्यांचा, पोरांना लावायचाच नाही. वाढत्या वयात चरबी कमीजास्त होत राहते, मुलामुलींचं पण वेगळं असतं. २० बीएमआय १६ वर्षांच्या पोराला चांगला, पण ६ वर्षांच्या पोराला तो लठ्ठपणा झाला. म्हणून वय आणि मुलगा की मुलगी बघून चार्टवर टिंब मारायचं. आपल्याकडं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५ चे चार्ट आहेत, ५ ते १८ वर्षांचे. त्यात ३ पर्सेंटाइलच्या (त्याच वयाच्या १०० पोरांत सगळ्यात खालच्या तिघांच्या रेषेच्या) खाली गेलं तर कमी वजन, २३ लिहिलेल्या रेषेच्या वर जास्त वजन, २७ च्या वर लठ्ठपणा. ही रेषा म्हणजे त्या पोराचा आजचा बीएमआय २३ पाहिजे असं नाही हं, मोठेपणी २३ वर पोचणारी ती वाट आहे.

एका टिंबावरनं घाबरू नका, सहा महिन्यांनी परत मारा. टिंब रेषा ओलांडून वर चाललंय की खाली, ते डॉक्टरांना दाखवा, मनानं डाएट करू नका, पुष्कळदा वजन तेवढंच ठेवून उंची वाढू द्यायची असते. आणि तालमीतलं पोरगं असेल तर सांगा, स्नायूंनी पण आकडा वाढतो, बीएमआयला चरबी आणि स्नायू वेगळे कळत नाहीत.

५ वर्षांच्या आतल्यांना हा चार्ट नाही, त्यांचं उंचीच्या मानानं वजन बघतात, अंगणवाडीच्या ताईंना विचारा.