हास्केलचे सुरुवातीचे सराव प्रश्न आणि माझा झालेला पोपट

आठ वर्षं जावा या भाषेत प्रोग्राम लिहितोय, त्यामुळे हास्केल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचे बिगिनर प्रश्न म्हणजे दोन रविवारचं काम असं धरून बसलो होतो. पहिल्याच संध्याकाळी लिस्टमधला शेवटचा घटक काढायला पाऊण तास गेला, कारण हात सारखा फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणारी रचना) टाइप करायला जायचा आणि इथे तसा लूपच नाही, नावाला किंमत एकदा दिली की दिली, आय प्लस प्लस (आकडा एकने वाढवणं) वगैरे विसरा.

नवीन सुरू करणाऱ्यांना माझं एकच सांगणं, फंक्शनच्या (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) आधी त्याचा टाइप, म्हणजे ते कशा प्रकारचं काही घेतं आणि काय देतं, ते लिहा. हास्केल टाइप स्वतःच ओळखतं म्हणून कंटाळा येतो, मलाही आला, आणि लिस्ट उलटी करायच्या प्रश्नात पोपट झाला. लॉजिक बरोबर होतं: लिस्ट रिकामी असेल तर उत्तर रिकामी लिस्ट, नाहीतर पहिला घटक बाजूला काढा, उरलेली उलटी करा, मग तो शेवटी जोडा. जोडायला दोन अधिक चिन्हं असतात, पण ती लिस्टला लिस्ट जोडतात, सुटा घटक असेल तर त्याला चौकटी कंसात घालावं लागतं. ते राहिलं. आणि कंपाइलर, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम, गप्प! १, २, ३ ची लिस्ट दिल्यावर मग ओरडला, तेही लिस्टसाठी नमचं इन्स्टन्स नाही (म्हणजे लिस्टला आकडा मानता येत नाही) असं काहीतरी, फंक्शनबद्दल चकार शब्द नाही. अर्धा तास मी आकडेच तपासत बसलो.

झालं होतं असं की कंपाइलरने माझ्या चुकीचा वेगळाच अर्थ लावला, की याला लिस्टांची लिस्ट घेऊन एक सपाट लिस्ट द्यायचीये. स्ट्रिंग म्हणजे पण अक्षरांची लिस्टच, म्हणून 'चहा' आणि 'पोहे' दिले की 'पोहेचहा' असं बिनबोभाट उत्तर येतं. (देवनागरी टाकलं तर जीएचसीआय, म्हणजे हास्केलची ओळ टाकून लगेच उत्तर बघायची सोय, बॅकस्लॅश २३३० असले आकडे दाखवतं, घाबरू नका, मजकूर जसाच्या तसा छापणारं पुट-एसटीआर-एलएन लावा.) 'कशाचीही लिस्ट घेणार, त्याचीच लिस्ट देणार' एवढी एक टाइपची ओळ वर असती तर एररने थेट चुकलेल्या जागेवर बोट ठेवलं असतं.

कंस घातल्यावरही ते फंक्शन स्लोच. जोडताना डावीकडची लिस्ट दरवेळी शेवटपर्यंत चालावी लागते, चार घटकांना ०, १, २, ३ मिळून ६ पावलं, पण १ लाख घटकांना जवळपास ५०० कोटी. त्यापेक्षा जास्तीची एक रिकामी लिस्ट सोबत घ्या आणि मूळ लिस्टमधला एकेक घटक तिच्या डोक्यावर ठेवत जा, पत्त्यांच्या गड्डीतलं वरचं एकेक पान काढून बाजूला रचत गेल्यासारखं. १ लाखाला १ लाख पावलं, काम खल्लास.

मग फोल्ड (लिस्टचे सगळे घटक एकाच क्रियेने जोडत एक उत्तर काढणं) येतं, तिथे मी महिनाभर गाशा गुंडाळला होता. फोल्ड-आर उजवीकडून कंस घालतं, फोल्ड-एल डावीकडून, हे वाचून कळल्यासारखं वाटतं पण कळत नाही, कारण उदाहरणं बहुतेक बेरजेची आणि १, २, ३ च्या बेरजेला दोन्हीकडून उत्तर ६च. वजाबाकी घ्या. तीच १, २, ३ ची लिस्ट, सुरुवात शून्याने: उजवीकडून १-(२-(३-०)) म्हणजे २, आणि डावीकडून ((०-१)-२)-३ म्हणजे उणे ६. हे मला स्क्रीनवर नाही, लाइटबिलाच्या मागच्या बाजूला पेनाने कंस मांडल्यावर उमगलं.