डोंगर सरकतो पावसात, रडारला दिसते उन्हाळ्यात

गोव्यात घाटउतारावरची जमीन हलते ती जून ते सप्टेंबरमध्ये. नेमक्या त्याच चार महिन्यांत रान माजते, हवेत बाष्प भरते आणि उपग्रहाच्या रडारची नजर अधू होते. म्हणून कामाची वाटणी आधीच ठरवा: कुठे सरकते ते रडारकडून शोधून घ्यायचे आणि पावसाळ्यातली मोजणी खुंट, टेप आणि पर्जन्यमापक यांच्यावर सोपवायची.

आपल्याकडे वर जांभ्याची टोपी आणि तिच्याखाली शेडी माती असते. जांभ्यातून झिरपलेले पाणी शेडीवर अडते, शेडी मऊ पडते आणि वरचा थर भार घेऊन खाली निघतो. चोर्ला, अनमोड, करमल घाटांतली रस्त्यासाठी कापलेली दरड आणि डिचोली-सांगे पट्ट्यातले खाणमातीचे ढीग इथून सुरुवात करा.

सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात. त्याची लहर ५.६ सेंमीची आहे, ती जाऊन परत येते, त्यामुळे दोन चित्रांच्या वजाबाकीत दिसणारा एक पूर्ण रंगपट्टा म्हणजे उपग्रहाच्या जवळ किंवा दूर २.८ सेंमी हालचाल. एकाच कक्षेतली, नोव्हेंबर ते मे मधली चित्रे घ्या आणि १२, २४, ३६ दिवसांच्या जोड्या लावा. एकच जोडी तपासायची तर स्नॅप ही संगणकप्रणाली पुरते. मालिका लावायची तर मिंटपाय ही दुसरी. सुसंगती (दोन चित्रांतला संकेत किती जुळतो याचा ० ते १ मधला आकडा) ०.३ च्या खाली गेलेले ठिपके टाकून द्या. काजूच्या बागा आणि कुळागरे यात हमखास गळतात, उघडा सडा (जांभ्याचे पठार) आणि घरांची छपरे टिकतात. दाट झाडीसाठी ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा रडार उपग्रह जास्त उपयोगी, कारण त्याची एल-पट्ट्याची लहर २४ सेंमीची आहे.

संदर्भबिंदू, म्हणजे जो स्थिर मानून बाकीची हालचाल मोजतात तो, खाजनात (खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतात) किंवा भरावावर धरू नका; तिथली जमीन स्वतःच बसत असते. तो शक्यतो उताराच्याच उंचीवरच्या घट्ट सड्यावर असावा. किनाऱ्यावरचा बिंदू धरून घाटमाथा पाहिला तर मधल्या बाष्पामुळे अख्खा डोंगर उचलल्यासारखा दिसतो. ईआरए-५ या जागतिक हवामान-नोंदींची दुरुस्ती लावूनही उंचीबरोबर वाढत जाणारी ‘हालचाल’ उरलीच, तर ती हवाच समजा.

नवखे हटकून फसतात ते दिशेत. रडार उपग्रहाकडे येणारी-जाणारी हालचाल मोजते, उतारावरची नव्हे. पश्चिमेकडे २५ अंश उतरणारा डोंगर ३० मिमी सरकला असे धरा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीत, पडकोन (रडारचा किरण उभ्या रेषेशी करतो तो कोन) ३९ अंश असताना, तो सुमारे २७ मिमी दूर गेलेला दिसेल. दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या फेरीत तोच डोंगर जेमतेम ७ मिमी, आणि तोही जवळ आलेला! उलट खाणमातीचा ढीग स्वतःच्या वजनाने जागीच बसत असेल तर दोन्ही फेऱ्यांत तो दूरच जातो. दोन्ही फेऱ्यांची चित्रे मिळत असतील तर नुसते बसणे आणि सरकणे असे वेगळे काढता येते. उत्तर-दक्षिण सरकणारा उतार मात्र रडारला जवळपास दिसतच नाही. तिथे पहिल्या दिवसापासून खुंटच.

खुंट मृग लागण्याआधी ठोका. १२ मिमीची, मीटरभर लांबीची सळी घ्या आणि ७०-८० सेंमी आत जाऊ द्या; वरची वीतभर माती नुसत्या भिजण्या-सुकण्यानेही हलते. जांभ्यात भोक पाडून सळी सिमेंटमध्ये बसवा. भेगेच्या वरच्या, स्थिर बाजूला दोन खुंट आणि सरकणाऱ्या बाजूला एक असा त्रिकोण केला की भेग किती उघडली एवढेच नव्हे, तर जमीन कुठल्या बाजूला चालली तेही कळते. स्थिर खुंटांपैकी एक असा ठेवा की त्याची सरकत्या खुंटाशी जुळणारी रेघ उताराच्याच दिशेत पडेल. सळीच्या डोक्यावर पंचाने ठिपका मारा आणि ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत तीनदा मोजा. पोलादी टेप दहा मीटरला दहा अंश तापमानफरकाने १ मिमीहून जास्त बदलते, म्हणून रोज सकाळी एकाच वेळी मोजलेले बरे. गवत कापणारे आणि गुरे खुंटाला धक्का देतात. एकाच खुंटाची दोन्ही अंतरे एकदम उडाली तर डोंगरावर संशय घेण्याआधी तो खुंट हलवून पाहा.

पर्जन्यमापक उताराजवळच हवा. पणजीचा पाऊस सत्तरी तालुक्याला लागू पडत नाही. ०.२ मिमीच्या डोलत्या वाटीचे यंत्र पुरते, पण नरसाळ्यात पान अडकले की ते मुसळधार पावसातही शून्य दाखवते. आठवड्यातून एकदा साफ करा.

कोरड्या आठवड्यात एकदा, संततधारेत रोज मोजा. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी सरकण्याचा वेग उतरत नसेल, किंवा सरकण्याचे दररोजचे मिलिमीटर दुपटीने वाढत असतील, तर मोजणी सोडून खालची घरे रिकामी करायला लावा आणि ११२ ला कळवा. पावसात भेगेत उतरून माप घेण्याची गरज कधीच नसते. उघडी भेग चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री घाला. खुंट बाहेर आहेत, मोजणी अडत नाही.

नोव्हेंबरमध्ये पहिले स्वच्छ चित्र आले की मेमधल्या शेवटच्या चित्राशी त्याची जोडी लावा आणि आकडा खुंटांशी ताडून पाहा. समजा खुंट उतारावर ४५ मिमी सांगतात, म्हणजे वरच्याच कोनांत, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या फेरीत, उपग्रहापासून ४० मिमी दूर. आणि रडार दाखवते १२. उरलेले २८ मिमी म्हणजे बरोबर एक रंगपट्टा, जो मोजताना सुटला. तो मालिकेत हाताने मिळवा. फरक २८ च्या पटीत नसेल, तर आधी संदर्भबिंदू तपासा, मग खुंट.