हवाई निर्यात : सुरक्षा तपासणी आणि धोकादायक मालाच्या नियमांची पूर्तता

मराठीत ‘सुरक्षा’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि नवख्या निर्यातदाराचा गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो. मालात कोणी स्फोटक दडवू नये यासाठीची व्यवस्था ही एक बाजू, तर मालाच्या मूळ गुणधर्मामुळे विमानात आग, गळती किंवा विषबाधा होऊ नये यासाठीचे नियम ही दुसरी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पहिलीसाठी परिशिष्ट १७ आणि दुसरीसाठी परिशिष्ट १८ अशी स्वतंत्र परिशिष्टे केली आहेत. एका तपासणीतून सुटलेली पेटी दुसरीत अडकू शकते. म्हणून दोन्हींची तयारी वेगवेगळी आणि पॅकिंगच्या आधीच करावी.

सुरुवात वर्गीकरणापासून करावी आणि वस्तूच्या व्यापारी नावावर अजिबात विसंबू नये. ‘यंत्राचे सुटे भाग’ असे लिहिलेल्या पेटीत बॅटरी, इंधनाचा अंश राहिलेला कार्ब्युरेटर किंवा दाबाखालील वायू असलेला भाग निघू शकतो. उत्पादकाकडून अद्ययावत सेफ्टी डेटा शीट (पदार्थाचे गुणधर्म आणि धोके सांगणारे माहितीपत्रक) मागवून तिचा १४वा विभाग वाचावा. यूएन क्रमांक (धोकादायक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दिलेला क्रमांक), वाहतुकीसाठीचे अधिकृत नाव, धोक्याचा वर्ग आणि पॅकिंग ग्रुप (धोक्याची तीव्रता दाखवणारा गट) तिथे दिलेले असतात. हा विभाग मोघम असेल, किंवा त्यात केवळ रस्ता आणि समुद्रवाहतुकीचाच उल्लेख असेल, तर उत्पादकाला पुन्हा विचारावे. द्रवाच्या बाबतीत ९व्या विभागातला फ्लॅश पॉइंटही (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) पाहावा; तो ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल तर माल सहसा तिसऱ्या वर्गात, म्हणजे ज्वालाग्राही द्रवांत मोडतो.

वर्ग ठरल्यावर आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, धोकादायक माल नियमावलीची चालू आवृत्ती उघडावी. नवी आवृत्ती दरवर्षी १ जानेवारीला लागू होते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या प्रतीवर काम करू नये. माल प्रवासी विमानातून जाऊ शकतो, फक्त मालवाहू विमानातून जाऊ शकतो की पूर्णतः निषिद्ध आहे, कोणती पॅकिंग सूचना लागू होते आणि एका पेटीत किती निव्वळ प्रमाण चालते, हे नियमावलीतल्या तक्त्यात मिळते. त्यानंतर संबंधित देशांचे आणि विमान कंपनीचे अतिरिक्त नियमही पाहावेत. ते अधिक कडक असू शकतात. यूएन प्रमाणित, म्हणजे ठरलेल्या चाचण्या पार केलेली पेटी घेतली म्हणजे काम झाले असे नाही. पेटीची चाचणी आतल्या ज्या बाटल्यांसह आणि ज्या पद्धतीने बंद करून झाली, तसेच पॅकिंग करावे लागते. उंचीवर हवेचा दाब घटतो, म्हणून द्रवाच्या पात्राने साधारणपणे ९५ किलोपास्कल दाबफरक न गळता सोसला पाहिजे.

लिथियम बॅटऱ्यांबाबत मी विशेष आग्रहाने सांगेन. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या यूएन ३४८० खाली येतात, तर उपकरणासोबत किंवा उपकरणात असलेल्या यूएन ३४८१ खाली. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या बॅटऱ्या मालाच्या रूपात प्रवासी विमानातून नेण्यास मनाई आहे, आणि मालवाहू विमानातूनही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्यात. यूएन ३८.३ या बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा सारांश हाताशी ठेवावा. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईत एक मालवाहू विमान आगीनंतर कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले. आग लागली त्या भागात लिथियम बॅटऱ्या होत्या. पेटीत काय आहे हे फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच खोटी किंवा अपुरी घोषणा हा मला अक्षम्य प्रमाद वाटतो.

शिपर्स डिक्लरेशनवर, म्हणजे धोकादायक मालाबद्दल पाठवणाऱ्याने द्यायच्या लेखी घोषणेवर, प्रशिक्षित व्यक्तीनेच सही करावी. फॉरवर्डरने (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाने) कागद तयार करून दिला तरी घोषणेची जबाबदारी पाठवणाऱ्याकडेच राहते. स्वीकृतीच्या वेळी विमान कंपनी तपासणी यादीनुसार प्रत्येक बाब पाहते आणि नाव, प्रमाण किंवा लेबल जुळले नाही तर माल परत करते.

घातपातविरोधी सुरक्षेचे नियम ऑक्टोबर २०१० मध्ये प्रिंटरच्या काडतुसांत लपवलेले स्फोटक सापडल्यानंतर बरेच कडक झाले. जून २०२१ अखेरीपासून आंतरराष्ट्रीय मालवाहू उड्डाणांवरील मालही एकतर तपासलेला किंवा सुरक्षित पुरवठा साखळीतून आलेला असावा लागतो. नियमित निर्यात करणाऱ्याने विमान वाहतूक सुरक्षा प्राधिकरणाकडून ‘नोन कन्साइनर’ (विश्वासार्ह प्रेषक) ही मान्यता घेण्याचा विचार करावा; त्यासाठी आवारातील प्रवेशावर नियंत्रण, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी आणि पॅकिंगपासून हस्तांतरापर्यंत मालाची राखण दाखवावी लागते. मान्यता नसेल तर माल रेग्युलेटेड एजंटकडे, म्हणजे सुरक्षा तपासणीसाठी मान्यताप्राप्त संस्थेकडे, तपासणीसाठी द्यावा आणि त्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा. क्ष-किरणांत आरपार न दिसणारा दाट माल लहान पेट्यांत विभागावा. निर्जंतुक औषधांसारखा उघडता न येणारा माल असेल तर पर्यायी तपासणीची व्यवस्था बुकिंगच्या वेळीच ठरवावी.

कागदपत्रांच्या प्रती किमान तीन महिने जपाव्यात. पुरवठादार किंवा मिश्रण बदलले, तर जुन्या वर्गीकरणावर पुढची खेप पाठवू नये. नवी डेटा शीट मागवून पुन्हा पहिल्यापासून पडताळणी करावी.